नडगीला मशीन नको, वेळापत्रक द्या

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तीन-चार आठवड्यांत आपल्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत नडग्या यायला लागतात. पोरगा किंवा पोरगी विशीतली, तालुक्याच्या अकॅडमीत राहणारी, पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी. तक्रार एकच: ‘सर, नळ्या भरून येतात.’ मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे ५० गुणांचे ‘ग्राउंड’ समोर असते. जाहिरातीची वाट पाहण्यात महिनेच्या महिने खुर्चीत गेलेले असतात आणि ती आली की सकाळ-संध्याकाळ पळणे सुरू होते. मुंबई मॅरेथॉनच्या तयारीला पावसाळ्यात लागलेली नोकरदार मंडळीही हेच दुखणे घेऊन येतात; पण त्यांना पुढच्या जानेवारीत पुन्हा मॅरेथॉन असते. भरतीवाल्याला वयोमर्यादा असते.

या नडगीला आपण काय देतो? दहा दिवस अल्ट्रासाउंड, थोडे आयएफटी, टेप, पोटरीचे स्ट्रेचिंग आणि ‘आराम कर’ हा सल्ला. मशीनने हाड लवकर सावरते याला भरवशाचा पुरावा नाही. आरामाने दुखणे थांबते खरे, पण अकराव्या दिवशी पोरगा जुन्याच वेगाने राउंड मारतो आणि पंधराव्या दिवशी पुन्हा आपल्या दारात उभा राहतो. उपचार फसले असे आपण म्हणत नाही. ‘ऐकत नाहीत हो ही पोरे’ असे म्हणतो.

ऐकायला आपण नेमके सांगितलेले काय असते? नव्याने पळणाऱ्याचा दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडाला मात्र महिने लागतात. वाढलेल्या भाराला उत्तर म्हणून हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. रस्ता खणून ठेवलाय, खडी अजून पडायची आहे, अशी अवस्था पहिल्या महिना-दोन महिन्यांत नडगीच्या आतल्या कडेला असते. नेमके तेव्हाच छातीत दम आलेला असतो आणि अकॅडमीचे सर म्हणतात, आता टायमिंग काढ.

आपल्या काही लाडक्या समजुतींना संशोधनाने फारशी साथ दिलेली नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १५३८ नवभरतींवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पळण्याआधीच्या स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्या नाहीत. ज्यांची मूळ तंदुरुस्ती कमी, तेच जास्त जायबंदी झाले. आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये हा नियमही नेदरलँड्समध्ये ५३२ नवोदितांवर तपासला गेला. नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या, दोन्ही गटांत पाचातला एक जण जखमी झालाच. आणि २०१२ ची डच चाचणी तर प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर लावावी अशी आहे. नडगी दुखणाऱ्या ७४ खेळाडूंचे तीन गट होते: फक्त टप्प्याटप्प्याने पळणे, या पळण्यात व्यायामाची भर, किंवा या पळण्यात दाबमोज्यांची भर. सलग १८ मिनिटे पळता येईपर्यंत तिन्ही गटांना साधारण साडेतीन महिने लागले, फरक पडला नाही. दहा दिवसांचे पॅकेज विकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वेळापत्रकाआधी निदान हवे, आणि त्याला अंगठा पुरतो. घोट्याच्या वरून नडगीच्या आतल्या कडेने अंगठा दाबत वर सरकवा. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर बहुधा हे नेहमीचे नडगीचे दुखणे. अंगठा एकाच बिंदूवर ठेवताच पोरगा दचकला, रात्री ठणका असला, एका पायावर उडी मारवेना, तर स्ट्रेस फ्रॅक्चर समजूनच पुढे चला. ‘एक्स-रे क्लिअर आहे, पळ’ हे वाक्य आपल्या तोंडी येता कामा नये. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुतेकदा कोराच असतो. दुखरा बिंदू नडगीच्या समोरच्या बाजूला, मधल्या भागात असेल तर त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठवा, तिथले फ्रॅक्चर भरायला फार छळते. दर वेळी ठरावीक अंतरावर पाय आवळून येत असेल, पाऊल बधिर होत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत मोकळे वाटत असेल, तर विचार कंपार्टमेंट सिंड्रोमचा करायचा.

मग कागद घ्या आणि पळणे औषधासारखे लिहून द्या. अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल तर एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, दिवसाआड, मातीच्या मैदानावर. पळताना दुखणे दहापैकी दोनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळी शिल्लक राहू नये. राहिले तर मागच्या टप्प्यावर. आधी मिनिटे वाढवायची, वेग नंतर. १०० मीटरचे स्प्रिंट सर्वांत शेवटी. मधल्या दिवशी सायकल. पोटरीची ताकद एका पायावर टाच उचलून मोजा, गुडघा ताठ ठेवून आणि वाकवूनही. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार सोलियससाठी, आणि तोच बहुतेक जण गाळतात. पावले आखूड करून मिनिटाची पावले पाच ते दहा टक्के वाढवली तर पायावरचा भार घटतो, आणि त्याला खर्च शून्य.

अवघड प्रसंग वेगळाच आहे. ग्राउंड पंधरा दिवसांवर आणि नडगी आज दुखते. नेहमीचे दुखणे असेल तर सरावातले अंतर निम्म्याहून खाली आणा, दम सायकलवर राखा आणि गोळाफेकीवर वेळ घालवायला सांगा. ३० गुण १६०० च्या बाहेर आहेत हे पोरांना आठवून द्यावे लागते. फ्रॅक्चरचा संशय असेल तर पळायचे नाही, हे आई-वडिलांना समोर बसवून सांगा. ग्राउंडच्या सकाळी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला विरोध करणे हे आपलेच काम आहे.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न आपण संकोचाने टाळतो: पाळी नियमित येते का? वजन उतरवायला मेसचे जेवण अर्धे सोडलेल्या, पाळी चुकलेल्या मुलीची नडगी पोटरीच्या व्यायामाने बरी होणार नाही. तिला पोटभर जेवण हवे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी हवी. अमेरिकी नौदलातल्या नवभरती स्त्रियांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे पाचव्या हिश्शाने घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या स्वस्त आहेत, पण त्या जेवणाची जागा घेत नाहीत.

राहिले अकॅडमीचे सर. त्यांच्याशी वाद घालून काही निघत नाही. निकालाची यादी त्यांच्या गेटवर लागते, आपल्या नाही. पण पोरे लंगडली की त्यांचीही यादी आखडते, हे त्यांना कळते. नव्या पोरांना पहिले दोन महिने एक दिवस सोडून पळवा, डांबर सोडून मैदानात न्या, नडगी दुखते म्हणणाऱ्याला कामचोर म्हणू नका, एवढे बोलायला अर्धा तास पुरतो. जाहिरात निघाल्यावर त्यांना हा अर्धा तास नसतो. ती कधी निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ही भेट याच महिन्यात उरकावी.