हौस आणि बुडालेला रोज

मराठी समीक्षेत ‘हौशी’ हा शब्द आम्ही मंडळी फार सैल हाताने वापरतो. एखादा कवितासंग्रह बाजूला सारायचा असला की तो ‘हौशी’ ठरतो. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या संघाचे कौतुक करायचे असले की तोच शब्द गौरवाचा होतो. या शब्दाची झडती साहित्याच्या अंगणात राहून घेता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरचे एक उदाहरण घेतो : पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे दोन संघ एकाच नावाखाली उतरवणारा हौशी रग्बी क्लब. किनवटात बसून रग्बीवर लिहावे, हे काहींना विनोदी वाटेल. ते विनोदी का वाटते, हाच आमचा विषय आहे.

खेळ सांगायला सोपा आहे. लंबगोल चेंडू घेऊन धावायचे आणि तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. धावता पुढे येते. पण हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, तो बाजूच्या किंवा मागच्या साथीदारालाच द्यावा लागतो. चेंडू असलेल्याला कवेत धरून पाडणे नियमाला मान्य आहे. हुतूतू पाहिलेल्या माणसाला यात अगदीच अनोळखी असे काही नाही.

पहिला आक्षेप ठरलेला : हा खेळ आपला नाही. इतिहास वेगळे सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी 1879 पासून दिला जाणारा ‘कलकत्ता कप’ हा कलकत्त्यातील रग्बी क्लब बंद पडल्यावर त्याच्या शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून घडवला गेला. म्हणजे रग्बीच्या सर्वांत जुन्या मानचिन्हांपैकी एकात आपल्याकडचीच नाणी आहेत. परंतु ज्या मैदानांवर हा खेळ चालला, तिथे या देशाची माणसे खेळाडू म्हणून उतरू शकत नव्हती. 1875 साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हा पश्चिम भारतातील रग्बीचा जुना गड. साहेबी अमलात त्याचे सभासदत्व युरोपियनांपुरते होते. खेळ परका नव्हता. दार बंद होते. बंद दाराची आठवण पुढे ‘हे आपले नव्हेच’ अशा अभिमानात रूपांतरित होते, आणि दार बंद करणाऱ्याचे काम आपणच पुढे चालवू लागतो.

क्रिकेटला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून त्याला मराठी बोली दिली, वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रात क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली, आणि खेळ आपला झाला. आणि किनवटने तरी ‘आपले’ या शब्दावर किती विसंबावे? हा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही इथल्या बाजारात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू कानावर पडते. ज्या गावाचे राज्य एका कायद्याने बदलले, त्या गावाला खेळाच्या जन्मदाखल्याचा धाक घालणे हास्यास्पद आहे.

दुसरा आक्षेप सभ्य चेहऱ्याचा आहे, म्हणून अधिक घातक. ‘मुले खेळतात ती प्रमाणपत्रासाठी; नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी. खरी हौस कुठे आहे?’ प्राध्यापकांच्या तोंडी हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर कधीकाळी आम्हीही उच्चारले आहे. त्याचे मूळ रग्बीच्याच इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील गिरणी कामगार आणि खाणकामगार उत्तम रग्बी खेळत होते. सामन्यासाठी कामावरून सुटी घेतली की त्यांचा रोज बुडे. तो बुडालेला रोज क्लबने भरून द्यावा, एवढीच मागणी होती. दक्षिणेकडील सुखवस्तू धुरीणांनी ‘पैसा आला की हौस विटाळते’ या तत्त्वावर ती नाकारली. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे वीसहून अधिक क्लब बाहेर पडले आणि खेळाची दोन शकले झाली. ज्या बाजूने पावित्र्याचे सोवळे पाळले, तिने नेमके शंभर वर्षांनी, 1995 साली, व्यावसायिकतेला रीतसर मान्यता दिली. ते सोवळे कशासाठी होते, याचा निराळा पुरावा नको. ज्याचा रोज बुडत नाही त्याच्या खेळण्याला ‘हौस’ म्हणायचे आणि ज्याचा बुडतो त्याच्या खेळण्याला ‘लोभ’, एवढाच त्या तत्त्वाचा अर्थ होता.

हडर्सफील्डचा तो प्रश्न किनवटात दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो. कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातल्या मुली कमी होतात. सरावाला आलेली मुलगी रिकामा वेळ घालवायला येत नाही. घरातला एक रोज बुडवून येते. तिच्या हौसेची किंमत आपल्या हौसेहून कितीतरी जास्त आहे. तिने त्या बदल्यात प्रमाणपत्राची अपेक्षा धरली तर तिला अशुद्ध ठरवण्याचा अधिकार वेतन आयोग घेणाऱ्या आम्हांला कुणी दिला?

तिसरा आक्षेप थेट आहे : धसमुसळा खेळ, मुलींना कशाला? स्त्रिया या खेळात काल आलेल्या नाहीत. 1887च्या सुमारास आयर्लंडमधील एका शाळेत भावांचा संघ एका खेळाडूने कमी पडला म्हणून दहा वर्षांची एमिली व्हॅलेंटाइन मैदानात उतरली आणि तिने रेषेपलीकडे चेंडू टेकवला. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण तिने पुढे आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले. स्त्रियांच्या आत्मकथनांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी या तपशिलापाशी थोडे थांबावे.

आपल्याकडे 2018 साली पुण्याच्या वाहबिज भरुचा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला. जून 2019 मध्ये मनिला येथे या संघाने सिंगापूरला 21-19 असे हरवून पहिला विजय मिळवला. अखेरच्या मिनिटांतील निर्णायक किक होती सुमित्रा नायकची, ओडिशातील आदिवासी मुलांसाठीच्या निवासी संस्थेत वाढलेल्या मुलीची. किनवट-माहूरच्या आश्रमशाळांतील मुली तिच्याहून कोणत्या मापाने उण्या आहेत? 

या खेळात स्त्रियांसाठी सौम्य आवृत्ती नाही. तेच पंधरा खेळाडू, तीच ऐंशी मिनिटे, तेच पाडणे आणि तेच उठणे. म्हणूनच एका क्लबात दोन्ही संघ असणे महत्त्वाचे. ‘मुलींचा वेगळा छोटा उपक्रम’ या सवलतीला तिथे जागाच उरत नाही. प्रश्न फक्त मैदान संध्याकाळी कोणाला किती वेळ मिळते, हा राहतो. आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

विरोधकांचे दोन मुद्दे आम्ही मान्य करतो. या खेळात डोक्याला मार बसतो आणि तो किरकोळ मानू नये. किनवटपासून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. प्रशिक्षित मार्गदर्शक नसेल तर पाडापाडीचा खेळ सुरूच करू नये. कमरेची पट्टी ओढून थांबवण्याचा, अंगाला न भिडणारा प्रकार आहे, तिथून आरंभ करावा. दुसरे, खो-खो आपल्याकडे आहेच. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला; जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण खो-खोचे नाव पुढे करून मुलींना शोभणाऱ्या खेळांची यादी कुणी बांधू लागला, तर तो खो-खोचा मित्र नव्हे.

आमची मागणी लहान आहे. महाविद्यालयाच्या मैदानाचे वेळापत्रक फळ्यावर लिहावे आणि त्यात मुलींचे तास मुलांइतके असावेत. वेचणीच्या दिवसांत सराव रोजगाराच्या वेळा पाहून ठेवावा, आणि सामन्यासाठी बाहेरगावी जाणाऱ्या खेळाडूच्या प्रवासखर्चाबरोबर तिच्या बुडालेल्या रोजाचाही हिशेब क्रीडानिधीत धरावा. आणि आम्ही साहित्याच्या शिक्षकांनी पुढच्या वेळी कुणाच्या लेखनावर ‘हौशी’ असा शेरा मारण्यापूर्वी एवढे विचारावे, की हे लिहिण्यासाठी या माणसाचा किती रोज बुडाला होता.