कलावंतांनो, दोन्ही कान सांभाळा!

गणेशोत्सवाचे मांडव उभे राहू लागले की आपल्याकडील ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे व बँजो पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. नवरात्र, लग्नसराई, गावोगावच्या यात्रा असे करीत तो थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो. या काळात गायकाचा घसा बसला तर सर्वांनाच काळजी. कोणी ज्येष्ठमध देतो, कोणी खडीसाखर. कानांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. वास्तविक बसलेला घसा विश्रांतीने बहुधा सुटतो. मोठ्या आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

याचे कारण कानाच्या रचनेतच आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात व त्यांच्यामुळेच आपल्याला ऐकू येते. माणसाच्या कानात मेलेल्या केशपेशीच्या जागी नवी पेशी उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे! ड्रमसेट व मोठे स्पीकर असलेल्या रंगमंचावर आवाज १०० च्या पुढे सहज जातो. कार्यक्रम तर तीन-तीन तास चालतो.

आता या रंगमंचावर एक नवे साधन आले आहे, ते म्हणजे बिनतारी ‘इन-इअर’ मॉनिटर. पूर्वी गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी स्पीकर ठेवीत. आता कमरेला छोटा रिसीव्हर आणि कानात बोंडे. पूर्वी फक्त मोठ्या कलावंतांना परवडणारे हे सेट आता दहा-पंधरा हजारांतही मिळतात, म्हणून तालुक्याच्या ऑर्केस्ट्रातही दिसू लागले आहेत. ‘स्वस्तातले सेट कान खराब करतात’ असे काहीजण म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. सेट स्वस्त असला तरी नीट वापरल्यास तो कान वाचवू शकतो आणि महागडा सेट चुकीचा वापरल्यास तोही कान घालवतो.

कानात घट्ट बसलेले बोंड बाहेरचा आवाज २० डेसिबलपर्यंत, कधी त्याहूनही जास्त अडवते. रंगमंचावर १०० डेसिबलचा गोंगाट असला तरी कानात ८० च पोहोचतो. मग स्वतःचा आवाज व साथ ८५ च्या आसपास ठेवूनही स्पष्ट ऐकू येते. खरा फायदा हा आहे. पण तो दोन्ही कान बंद असतील तरच मिळतो.

इथेच आपले गायक चुकतात. प्रेक्षकांच्या टाळ्या ऐकू येत नाहीत, एकटे वाटते, म्हणून ते एक बोंड काढून खांद्यावर सोडतात. त्यामुळे उघडा कान सगळा गोंगाट सोसतो. दुसऱ्या कानात त्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागतो. एक कान बाहेरून मार खातो, दुसरा आतून. यावर उपाय सोपा आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक ठेवावा आणि त्याचा थोडा आवाज कानात सोडायला साउंडवाल्यास सांगावे. बोंडे घातल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. त्याची सवय कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, आधी तालमीत करावी.

स्वस्त सेट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बोंडाचे माप. सेटबरोबर येणारी बोंडे प्रत्येकाला बसतीलच असे नाही. वेगवेगळ्या मापांची रबरी किंवा स्पंजची टोके घेण्यास थोडेच पैसे लागतात. तिथे काटकसर नको. दुसरी, आवाजाला मर्यादा घालणारा ‘लिमिटर’. माइक खाली पडला किंवा शिट्टी मारली तर तो दणका थेट कानाच्या पडद्यावर बसतो. सेटमध्ये लिमिटर नसेल तर मिक्सरवर लावून घ्यावा. तिसरी, संपर्क तुटणे. अनेक स्वस्त सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय व ब्लूटूथही त्याच लहरींवर चालतात. गर्दीत आवाज तुटतो, गायक घाईने बटण वाढवतो आणि आवाज परत येतो तो दुप्पट जोराने! म्हणून ट्रान्समीटर रंगमंचाजवळ, समोर दिसेल असा ठेवावा. आवाज तुटला तरी बटणाला हात लावू नये. मोबाइलची ब्लूटूथ बोंडे तर या कामी वापरूच नयेत. त्यांत आवाज उशिरा पोहोचतो, ताल चुकतो आणि पुन्हा आवाज वाढवला जातो.

स्वच्छतेचेही पाहावे. एकाची बोंडे दुसऱ्याने घालू नयेत. कार्यक्रमानंतर ती पुसून कोरडी ठेवावीत. पावसाळी दमट हवेत कानात बुरशी लवकर धरते. कान खाजतो म्हणून काडी घालू नये, तेलही ओतू नये.

प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपली श्रवणशक्ती अचानक कमी झाल्याचे जाहीर केले. कारण विषाणूचा हल्ला असल्याचे त्यांनी सांगितले. तरीही तरुण सहकाऱ्यांना मोठा आवाज व हेडफोन यांपासून जपण्याचा सल्ला त्यांनी दिला. असे अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘दडा बसला असेल’ म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. उपचार जितके लवकर, तितकी आशा अधिक. कार्यक्रमानंतर रात्री कानात शिट्टी वाजत राहणे हीही धोक्याची घंटाच समजावी.

पार्टीचे मालक रोषणाईवर आणि धुराच्या यंत्रावर खर्च करतात. वादकाच्या कानाचा खर्च मात्र वादकानेच करावा, अशी रीत पडली आहे. ती बदलली पाहिजे. कारण ज्याच्या कानावर पार्टीचा सूर टिकतो, त्याचा कान ही पार्टीचीच मिळकत आहे. हंगामापूर्वी ढोलकी चढवून घेतात, पेटीचे सूर तपासून घेतात. त्याच यादीत प्रत्येक कलावंताची ऑडिओमेट्रीही लिहावी. वेदना न होणारी ही साधी तपासणी अनेक जिल्हा रुग्णालयांत होते. मोठ्या आवाजाचा घाव आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. बोलणे नीट ऐकू येत असतानाच तो आलेखावर उमटतो. सावध होण्याची वेळ तीच असते.