पहारा कोणावर?

परकीयांना प्रवेश द्यावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. परंतु उत्तर कोरियाच्या व्हिसाची तऱ्हाच निराळी! पर्यटकाने सरकारमान्य संस्थेमार्फत अर्ज करावयाचा, आखलेल्या मार्गानेच फिरावयाचे आणि सरकारी मार्गदर्शकांच्या नजरेआड व्हावयाचे नाही. जानेवारी २०२० मध्ये महामारीमुळे बंद झालेले दार पाश्चात्त्य पर्यटकांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये रासोन शहरापुरते किलकिले झाले. काही आठवड्यांतच ते पुन्हा लोटले गेले.

हा पहारा वरकरणी पाहुण्यावर असला, तरी वस्तुतः तो घरच्या माणसांवर आहे. पाहुणा चार दिवसांत परततो. तेथील नागरिकाला मात्र सरकारी अनुमतीवाचून देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. प्रजेने परक्याशी मोकळेपणी दोन शब्द बोललेलेही ज्या राजवटीला सोसवत नाहीत, तिने सामर्थ्याचे नगारे कितीही बडविले, तरी तिच्या पोटात भयच आहे.