टपालाचा तोटा, की सेवेचा खर्च?

किनवट तालुक्यात कुरिअरवाल्याचा फोन ठरलेला असतो: ‘तुमच्या गावात गाडी येत नाही, फाट्यावर येऊन घेऊन जा.’ मोबाइलचं कव्हर असेल तर आपण जाऊही. पण नोकरीचं बोलावणं असेल, आजीचं आधार कार्ड असेल तर? मांडवी, इस्लापूर, बोधडीच्या पलीकडं, तांड्या-गुड्यांवर हे कागद पोचवतो तो पोस्टाचा डाकसेवक.

याच टपाल खात्याला आता विचारलं जातंय, नफा किती कमावता? खात्याला दरवर्षी हजारो कोटींची तूट येते, हे खरंय. पण का येते? देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली जवळपास ९० टक्के खेड्यांत. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. अंतर कितीही असो, साध्या पत्राचा दर एकच, हा नियम १८५४ पासूनचा. दादरहून अंधेरीला जायला ५ रुपये आणि मुंबईहून किनवटच्या जंगलातल्या गुड्यावर यायलाही ५ रुपयेच! निव्वळ नफा बघणारा हे दुसरं पाकीट हातात तरी घेईल का?

नफ्याच्या दिशेनं पावलं पडायला लागली की भार कुणावर येतो, तेही दिसलंय. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पूर्वी साधं पाकीट रजिस्टरनं पाठवायला कर सोडून २२ रुपये लागायचे. आता बाहेरगावी स्पीड पोस्टचे किमान ४७ रुपये. विद्यार्थ्यांना १० टक्के सवलत आहे, ती जरूर मागून घ्या. पण शेताच्या वादाची नोटीस पाठवणाऱ्या शेतकऱ्याचं काय?

‘सरकारी पैसा मिळाला की काम ढिलं पडतं,’ असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. ‘सर्व्हर डाउन’ ऐकून परत फिरलेले आपण सगळेच आहोत. म्हणून अनुदान डोळे झाकून देऊ नये. यात एसटीकडून शिकता येईल. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि त्या सवलतीची भरपाई राज्य सरकारनं एसटीला द्यायची असते. पोस्टाचंही तसंच करा. शहरातले पार्सल, व्यापाऱ्यांची टपालं यांत खासगी कंपन्यांशी टक्कर देऊन खुशाल नफा कमवा. दुर्गम गावांतल्या वाटपाचा खर्च मात्र बजेटमध्ये वेगळा दाखवा, सरकारनं तो भरावा. आणि बदल्यात, कोणत्या तालुक्यात टपाल किती दिवसांत पोचलं, हे दरमहा जाहीर करा.

डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं. तिथले बहुतेक व्यवहार ऑनलाइन होतात. आपल्याकडं रेंजसाठी अजून टेकडी चढावी लागते.

दहावीच्या मार्कांवर डाकसेवकांची भरती निघाली की आपल्यातले कितीतरी जण फॉर्म भरतात. ज्या पोस्टात नोकरी हवी, ते पोस्ट गावात टिकावं म्हणूनही आता बोलायला हवं.