पिसं कुणाची, खापर कुणावर?

‘बायकांच्या हौसेपायी’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं आपल्याला नवी नाहीत. घरावर कर्ज झालं, बायकांच्या हौसेपायी. लग्नाचा खर्च वाढला, बायकांच्या हौसेपायी. रानातल्या प्राणीपक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराविषयी वाचायला घेतलं की हेच वाक्य तिथेही भेटतं, आणि तिथे ते शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे.

टेसा बोएज या लेखिकेचं ‘मिसेस पँकहर्स्ट्स पर्पल फेदर’ हे २०१८ साली आलेलं पुस्तक इंग्लंडमधल्या पिसांच्या टोप्यांची गोष्ट सांगतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या सुखवस्तू बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे असत, कधी अख्खे पेंढा भरलेले पक्षी असत. बगळ्याला हा तुरा विणीच्या हंगामात फुटतो. म्हणजे शिकार व्हायची ती नेमकी घरट्यात पिल्लं असताना. मोठे पक्षी मारायचे, पिल्लं उपाशी मरायची. हा तुरा वजनाला सोन्यापेक्षा महाग विकला जात असे.

याविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्याही बायकाच. १८८९ साली मँचेस्टरजवळ डिड्सबरी इथे एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरी एक मंडळ काढलं. पक्ष्यांच्या अभ्यासकांच्या प्रतिष्ठित संघटनेत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. या मंडळाच्या सभासद बायका पिसं न घालण्याचं वचन देत. आज ती ब्रिटनमधली पक्षी-संरक्षणाची सर्वात मोठी संस्था आहे. अमेरिकेत बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी १८९६ साली ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून असंच काम सुरू केलं.

मग सगळा दोष बायकांचा, हा समज आला कुठून? १९२० साली पिसांच्या आयातबंदीचं विधेयक ब्रिटिश पार्लमेंटात अडकलं, तेव्हा एका नामांकित पत्रकाराने त्याचं खापर बायकांच्या नटण्यावर फोडलं. त्याला व्हर्जिनिया वुल्फ यांनी स्त्री-चळवळीच्या ‘वुमन्स लीडर’ या पत्रातून उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. पक्षी मारणारे पुरुष, त्यावर पैसा कमावणारे पुरुष, आणि ज्या समितीत गणसंख्येअभावी विधेयक रखडलं तिचे सभासदही एक अपवाद सोडला तर पुरुषच. मग रागाचा रोख तेवढा बायकांवर का? पुढच्याच वर्षी, १९२१ साली, कायदा झाला. त्याने आयात थांबवली, विकणं आणि घालणं मात्र नाही.

याचा अर्थ बायका निर्दोष होत्या असा नाही. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट स्वतः पिसं मिरवत. उलट पक्ष्यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एटा लेमन स्त्रियांच्या मताधिकाराच्या कडव्या विरोधक. एका अन्यायाबद्दल डोळे उघडे असले म्हणजे दुसरा दिसतोच असं नाही, हे आपल्या चळवळीनेही ध्यानात ठेवायला हवं. पिसांच्या कारखान्यात तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या मुली तर दोन्ही बाजूंना फारशा दिसल्याच नाहीत.

आता दुसरं पुस्तक. कर्क वॉलेस जॉन्सन यांचं ‘द फेदर थीफ’, हेही २०१८ सालचं. २००९ साली लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एडविन रिस्ट या तरुणाने ट्रिंग इथल्या संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ जतन केलेली कातडी चोरली. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी मलाय द्वीपसमूहातून जमवलेली. ती चोरली कशासाठी? सामन मासा धरायच्या गळावर बांधायच्या नकली माश्यांसाठी! जुन्या इंग्रजी पुस्तकांतल्या कृतीबरहुकूम, दुर्मिळ पक्ष्यांची खरी पिसं वापरून त्या बनवण्याचा काहींना छंद आहे. हे छांदिष्ट जवळजवळ सगळे पुरुष. त्यातल्या अनेकांच्या माश्या पाण्याला कधी लागतही नाहीत. बऱ्याच कातड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या. पक्षी कुठे, कधी मिळाला ते चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासकाच्या लेखी कातड्याचं मोल जवळपास संपतं. रिस्टला २०११ साली शिक्षा झाली ती स्थगित. तुरुंगात जावं लागलं नाही.

या प्रकाराला ‘पुरुषांची नटवी हौस’ कुणी म्हटलं नाही. त्याला छंद म्हणतात, कला म्हणतात, परंपरा म्हणतात.

आपल्याकडे काय वेगळं आहे? सोन्यात मढवलेलं वाघनख गळ्यात मिरवतात ते बहुधा पुरुष. त्याला कुणी हौस म्हणत नाही, मर्दानगी म्हणतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंचा व्यापार गुन्हा ठरवला. पण गुन्हा घडला की पहिला संशय कुणावर जातो? इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारला, त्या पारध्यांसारख्या समाजांवर. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का पुसला नाही. पुरुष पकडला गेला की पालावरची पोरंबाळं आणि पोलिसांच्या चकरा बाईच्या वाट्याला येतात. वाघाचं कातडं दिवाणखान्यात लावणाऱ्याकडे मात्र सहसा कुणी चौकशीला जात नाही.

म्हणून मैत्रिणींनो, ही पुस्तकं ‘निसर्गप्रेमींची’ म्हणून बाजूला ठेवू नका. एखादीने वाचून गटात सांगितली तरी चालेल. वाचताना विचारा: सापळा कुणी लावला आणि कोणत्या गरजेपोटी? पैसा कुणाच्या खिशात गेला? माल कुणी मिरवला? आणि शेवटी नाव कुणाचं घेतलं गेलं? बहुतेक वेळा या चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं येतील. बगळ्याची बाजू घ्यायला बाईला आरोपी करावं लागत नाही, आणि बाईची बाजू घेताना बगळ्याला विसरावं लागत नाही.