वकिलातीच्या पराक्रमाची कदर

सिद्दी जौहरने १६६० साली पन्हाळ्यास घातलेल्या वेढ्याची हकीकत सांगताना आपण घोडखिंडीत देह ठेवणाऱ्या बाजीप्रभूंपाशी आणि शिवाजी महाराजांचा वेष घेऊन मृत्यूस सामोरे गेलेल्या शिवा काशिदांपाशी थांबतो, आणि ते सर्वथा योग्य आहे. परंतु महाराज गडावरून निसटले त्या पावसाळी रात्रीपूर्वी शरणागतीचे बोलणे घेऊन जौहरच्या गोटात शिरलेला आणि ज्याच्या वाणीने पहारे सैल पडले असे परंपरा सांगते, तो वकील गंगाधरपंत आपल्या स्मरणात क्वचितच येतो. शत्रूच्या डेऱ्यात निःशस्त्र उभे राहून धन्याचे कार्य साधणे हे कर्म रणांगणातील शौर्याहून कमी प्रतीचे आहे, असे मला कधीच वाटले नाही.

शिवशाहीस ही जाणीव होती. परराज्यांशी व्यवहार पाहणाऱ्या डबिरास अष्टप्रधानांत स्थान होते, अफजलखानाकडे वकिलीस गेलेल्या पंताजी गोपीनाथांस गाव इनाम मिळाले, आणि ज्यांची समाधी याच पन्हाळ्यावर आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांस राजाराम महाराजांनी ‘हुकूमतपन्हा’ हा किताब दिला तो ते कारभाराचे ओझे वाहत असताना, कारभारातून मोकळे झाल्यावर नव्हे.

आपल्या प्रजासत्ताकाने १९५४ साली भारतरत्न व पद्म सन्मान निर्माण केले. पद्म सन्मानांच्या मूळ नियमांत सरकारी नोकरांच्या सेवेचा समावेश स्पष्ट शब्दांत होता, आणि पूर्व आफ्रिकेत भारताचे प्रतिनिधित्व करणारे औंधचे अप्पासाहेब पंत यांस त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. आज मात्र डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सेवेत असलेला सरकारी नोकर या सन्मानांस पात्र नाही. परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झालेले एस. जयशंकर यांस पद्मश्री मिळाली ती निवृत्तीनंतर, २०१९ साली. या निर्बंधामागील वशिल्याची भीती मी समजू शकतो. पण त्याचा परिणाम असा होतो की, शिखरास पोहोचून निवृत्त झालेला अधिकारी तेवढा दृष्टीस पडतो, आणि युद्धग्रस्त शहरात आपल्या नागरिकांचे पासपोर्ट रात्रभर तपासणारा कारकून किंवा दुभाषा कोणत्याच यादीत येत नाही.

लष्करास १९६० पासून परम विशिष्ट, अति विशिष्ट व विशिष्ट अशी तीन दर्जांची सेवापदके आहेत, मात्र तेथे पदकाचा दर्जा बहुधा हुद्द्याच्या मागोमाग चालतो. दक्षिण कोरियाने राजनैतिक सेवेसाठी पाच दर्जांचा स्वतंत्र बहुमान ठेवला असून त्या दर्जांस सोल नगरीतील जुन्या दरवाजांची नावे दिली आहेत. तीन दरवाजा, चार दरवाजा, वाघ दरवाजा ही नावे ज्याच्या जिभेवर आहेत, त्या पन्हाळकरास ही कल्पना मनोमन पटेल.

असा स्वतंत्र बहुमान भारतानेही निर्माण करावा, आणि त्याचा दर्जा हुद्द्यावरून न ठरवता कृत्यावरून ठरवावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. १९८४ साली बर्मिंगहॅम येथे अपहरण करून ज्यांची हत्या करण्यात आली ते रवींद्र म्हात्रे राजदूत नव्हते. तेथील भारतीय कचेरीतील ते एक अधिकारी होते. पुण्यातील म्हात्रे पुलावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांस हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल? राजदूतापासून स्थानिक भरतीच्या वाहनचालकापर्यंत सर्वांस पात्रता असावी, सेवेत असणे ही अपात्रता मानू नये, आणि वशिल्याची शंका निवारण्यासाठी निवड परराष्ट्र खात्याच्या वरिष्ठांकडे न ठेवता निवृत्त न्यायाधीश, इतिहासकार व सैन्याधिकारी यांच्या मंडळाकडे सोपवावी. पद्म सन्मान सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. या नव्या बहुमानास तो संकोच नसावा व काळाची मर्यादाही नसावी, म्हणजे म्हात्रे यांच्या नावाचा विचार पहिल्याच यादीत करता येईल.