बोटं पळतात, डोकं मागे राहतं!



गेल्या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत चार पानी पत्र आणि दहा डावांच्या चाली, वहीच्या कागदावर नीट उतरवून काढलेल्या. पाठवणारा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा नववीतला मुलगा. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही. पण पत्रातला थोडा भाग त्याच्या परवानगीने इथे देतो. तुमच्यापैकी निम्म्याजणांची तरी हीच रड असणार, याची मला खात्री आहे!

"प्रिय काका, सा. न. वि. वि. मी मोबाइलवर ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. तीन-तीन मिनिटांचे डाव. दिवाळीच्या सुट्टीत माझं रेटिंग १४१२ झालं होतं. आमच्या वर्गात कुणाचंच एवढं नाही. मग एका रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन बसलो. पहिला डाव हरलो. म्हटलं, भरून काढू. दुसरा हरलो. अडीच वाजता बघतो तर ४० डाव झालेले आणि रेटिंग १२९२! सकाळी आईला सांगितलं, डोकं दुखतंय. पुढच्या महिन्यात आंतरशालेय स्पर्धा आहे आणि शाळेच्या संघात माझं नाव आहे. सरांना सांगून नाव काढून घ्यावं असं वाटतंय. काका, खरं सांगा, माझ्यात दम आहे की नाही?"

मित्रा, खरं सांगायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तुझे दहाही डाव मी लाकडी पट मांडून, पेन्सिल घेऊन, एकेक चाल करत पाहिले. आता ऐक. आणि बाकीच्या दोस्तांनो, तुम्हीही ऐका.

आधी त्या आकड्याचं बघू

रेटिंग म्हणजे काही तुझी जन्मपत्रिका नव्हे. ही पद्धत बसवली आर्पाद एलो नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी. जागतिक बुद्धिबळ संघटनेने म्हणजे 'फिडे'ने ती १९७० साली स्वीकारली. तिचं गणित सोपं आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर दोघांना सारखीच संधी. फरक २०० गुणांचा असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा.

ऑनलाइन खेळात समोरचा सहसा आपल्या बरोबरीचाच मिळतो, आणि एका डावामागे सात-आठ गुण इकडचे तिकडे होतात. तुझे १२० गुण गेले, म्हणजे जिंकलेल्यापेक्षा पंधरा-सोळा डाव जास्त हरलास. बस्स! तुझं बुद्धिबळ एका रात्रीत कमी झालं नाही. कमी झाली ती झोप. बारा वाजता खेळणारा मुलगा १४०० चा होता, अडीच वाजता खेळणारा १२०० चा. मुलगा तोच, फक्त डोळे मिटत होते आणि डोक्यात राग होता.

आता जमाखर्च मांडू.

जमेची बाजू

पहिली गोष्ट, तुझी नजर तिखट आहे. चौथ्या डावात तू घोड्याने एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर मारा केलास, तोही पाच सेकंदांत. असे दुहेरी हल्ले तुला पटकन दिसतात.

दुसरी गोष्ट, तू सहजासहजी हार मानत नाहीस. नवव्या डावात एक उंट कमी असताना तू चिवटपणे खेळत राहिलास आणि शेवटी जिंकलास.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. मला पाठवलेल्या दहा डावांत तू जिंकलेले फक्त तीनच आहेत! बहुतेक मुलं जिंकलेले डाव पाठवतात. आपले हरलेले डाव दुसऱ्याला दाखवायला छाती लागते. ज्याला ती आहे, तो सुधारतो.

खर्चाची बाजू

दहांपैकी तीन जिंकलास, एक बरोबरीत सुटला, सहा हरलास. त्या सहांपैकी एकच डाव समोरच्याने खऱ्या अर्थाने जिंकला. उरलेले पाच तू त्याला देऊन टाकलेस. कसे, ते बघ.

तीन डावांत तू मोहरं फुकट घालवलंस. दोनदा घोडा, एकदा उंट. तिन्ही वेळा तू समोरच्याची चाल नीट न बघता आपली ठरलेली चाल करून मोकळा झालास. त्यातल्या एका डावात तर आगाऊ चाल लावून ठेवली होतीस. त्याने काय केलं हे कळायच्या आत तुझा घोडा त्याच्या प्याद्याच्या तोंडात! आगाऊ चाल लावायची ती समोरच्याकडे एकच चाल शिल्लक असेल तेव्हा. एरवी ती डोळे झाकून रस्ता ओलांडण्यासारखी आहे.

दोन डाव घड्याळावर गेले, आणि दोन्हींत तुझी बाजू वरचढ होती. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. चाळीस चालींचा डाव धरला तर एका चालीला साडेचार सेकंद येतात. तू मात्र तेराव्या चालीला ३८ सेकंद विचार करत बसलास. विचार करणं वाईट नाही रे, पण पाकिटात १८० रुपये असताना पहिल्याच दुकानात ३८ रुपयांची भेळ खाल्ली, तर परतीच्या एस्‌टीचं काय?

बरोबरीत सुटलेला डाव तर सगळ्यांनी पटावर मांडून बघावा. काळ्याचा एकटा राजा ए८ च्या कोपऱ्यात. याच्याकडे राजा आणि वजीर. घड्याळात चार सेकंद. याने घाईघाईने वजीर बी६ वर नेला. झालं! काळ्या राजाला शह नाही, पण ए७, बी७, बी८ ही तिन्ही घरं वजिराने अडवलेली. हलायला जागाच नाही. डाव बरोबरीत! वजीर सी७ वर नेला असता तरी हेच झालं असतं. ध्यानात ठेवा, कोपऱ्यातल्या एकट्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर आपला वजीर आला, की धोक्याची घंटा वाजली पाहिजे. हे आज पटावर दहा वेळा करून बघा, म्हणजे चार सेकंदांतही हात आपोआप थांबेल.

शेवटचा दोष पाठांतराचा. तुझ्या पहिल्या आठ-दहा चाली धडाधड येतात. समोरच्याने वेगळी वाट धरली की गाडी अडते. पण याबाबतीत तुला फार मोठ्या माणसाची सोबत आहे.

विश्वनाथन आनंद आणि सहा चाली

१९८८ साल. स्वित्झर्लंडमधल्या बील गावची स्पर्धा. आनंद त्याच वर्षी भारताचा पहिला ग्रँडमास्टर झालेला, वय अठरा. विजेच्या वेगाने चाली करणारा मुलगा म्हणून त्याचं नाव झालेलं. समोर कोलंबियाचा अलोन्सो झपाटा (नाव कसं शोभतंय बघा!). आनंदकडे काळी मोहरी. त्याचा घोडा पटाच्या मध्यावर ई४ वर होता. पाचव्या चालीला त्याने उंट एफ५ वर आणला. झपाटाने सहावी चाल केली, वजीर ई२! आणि आनंदने डाव सोडला. सहा चालींत!

का? ई२ वर पांढरा वजीर, त्याच सरळ रेषेत ई४ वर काळा घोडा, आणि त्याच्यामागे ई८ वर काळा राजा. घोडा जागचा हलूच शकत नाही, कारण हलला की राजा उघडा पडतो. पुढच्या चालीला पांढऱ्याचं प्यादं डी३ वर येणार आणि घोडा जाणार. ही चाल आधी एका डावात खेळली गेली होती आणि तेव्हा ती पचली होती. आनंदनेही तीच केली, यावेळी मात्र पचली नाही.

मग आनंदने काय केलं? नाव काढून घेतलं का? तो पुढे पाच वेळा जगज्जेता झाला. जलद बुद्धिबळाचं जागतिक अजिंक्यपद त्याने २००३ साली मिळवलं, आणि २०१७ साली रियाधला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मिळवलं. वेग त्याने सोडला नाही. वेगाच्या आधी बघायला शिकला.

काही मोठी माणसं सांगतात, की हे मिनिटा-मिनिटांचे खेळ म्हणजे नुसता पोरखेळ. तसंही नाही हं. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. संथ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला जलद डावांवर. दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. त्या दिवशी वेग कामाला आलाच की! पण त्या वेगाच्या मागे पटासमोर शांतपणे घालवलेली कितीतरी वर्षं होती.

जाता जाता तुझी एक तक्रार. "दोन डाव तर नेट गेल्यामुळे हरलो," असं तू लिहिलंयस. अरे, ते कुणाला चुकलंय? २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. ऐन मोक्याला निहाल सरिन आणि हीच दिव्या देशमुख, दोघांचं इंटरनेट तुटलं आणि त्यांचे डाव वेळेवर गेले! पुढे फिडेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवलं. तुझ्या-माझ्यासाठी फिडे धावून येणार नाही, हे खरं. म्हणून नेट गेलेला डाव हिशोबातून काढून टाकायचा आणि उरलेल्या आठांकडे बघायचं.

मग आता करायचं काय?

स्पर्धेला महिना आहे ना? मग हे पाच नियम वहीच्या पहिल्या पानावर लिही.

१. महिनाभर तीन मिनिटांचे डाव बंद. त्याऐवजी पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असे दिवसाला दोन डाव. (चालीगणिक वेळ वाढवणारं घड्याळ बॉबी फिशरने काढलं. त्याचं पेटंट त्याला १९८९ साली मिळालं.) पुढे झटपट खेळायचंच झालं, तर तीन मिनिटं अधिक दोन सेकंद निवड. चाळीस चालींत ८० सेकंद जादा मिळतात.

२. समोरच्याने चाल केली की मनात विचार, "याला काय मारायचंय?" आणि आपली चाल करण्याआधी, "माझं काही फुकट जातंय का?" दोन प्रश्न, दोन सेकंद. तुझे तीन डाव एवढ्यानेच वाचले असते.

३. लागोपाठ दोन डाव हरलास की मोबाइल खाली. "भरून काढू" हे शब्द तोंडात आले, की समज आपण बुद्धिबळ खेळत नाही, जुगार खेळतोय. हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही रे बाबा. गेल्या वर्षी एका रात्री मी स्वतः लागोपाठ अकरा डाव हरलो, आणि दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांवर उगाच चिडचिड केली.

४. हरलेल्या प्रत्येक डावाखाली वहीत एकच ओळ. "घोडा बघितला नाही." "वेळ संपला." महिन्याने वही उघड. जी ओळ सगळ्यात जास्त वेळा असेल, तोच तुझा शत्रू.

५. रोज वीस मिनिटं डावाच्या शेवटाचा सराव, खऱ्या पटावर. एकटा राजा आणि हत्ती घेऊन मात करणं, राजा आणि एका प्याद्यावर जिंकणं. हे हातात बसलं की शेवटच्या दहा सेकंदांची भीती जाते. स्पर्धेतही लाकडी मोहरीच असणार आहेत, काचेवरची नव्हे.

सहावा नियम वहीत लिहायचा नाही. तो करायचा. आईला त्या रात्रीचं खरं सांग. ओरडा बसेल, बसू दे. मग तिलाच म्हण, "रात्री नऊनंतर मोबाइल तुझ्याकडे ठेव." स्वतःला थांबवता येत नसेल तेव्हा दुसऱ्याची मदत घेणं यात कमीपणा नाही.

आणि तुझा प्रश्न? दम आहे की नाही? मित्रा, तू जिल्ह्यात पहिला येशील असं मी सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण पाच डाव तू दिलेस म्हणजे पाच डाव तुझ्या हातात होते, हे मी पटावर पाहिलंय. सरांकडे जाऊन नाव काढू नकोस. हरलास तर हरलास. तो डाव मला पाठव, आपण दोघं मिळून बघू.

दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं कोडं. पांढरा राजा ई६, पांढरं प्यादं ई५, काळा राजा ई८. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची. कसा जिंकाल? आणि चाल काळ्याची असती तर? आधी पटावर मांडा, मगच खाली बघा. लबाडी नाही हं!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
पटवाला काका

(उत्तर : १ राजा डी६, राजा डी८. २ प्यादं ई६, राजा ई८. ३ प्यादं ई७, राजा एफ७. ४ राजा डी७, आणि प्याद्याचा वजीर होतो. काळ्याची चाल असती तर त्याचा राजा डी८ वर गेल्यास पांढरा राजा एफ७, एफ८ वर गेल्यास डी७. दोन्हीकडून प्याद्याची वाट मोकळी!)